१७७४ चं व्हर्जिनियातलं शेतजमिनीचं विक्रीपत्र: एका जमिनीचे दोन कागद, पोलची मापं आणि बायकोचा वेगळा जबाब

सक्करदरा_टायटल

नमस्कार मंडळी. नागपुरात बसून अमेरिकी मालमत्तांचा टायटल शोध, म्हणजे मालकीच्या कागदांची साखळी मागे लावत जायचं काम, करणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून इथेच विचारतो. एरवीच्या फायली काही दशकांच्या मागे जात नाहीत. ही मात्र थेट इंग्रजी वसाहतीच्या काळापर्यंत न्यायची आहे. जमीन व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ खोऱ्यातली, व्यवहार दोन शेतकऱ्यांमधला, नोंद ऑगस्टा काउंटीच्या डीड बुकात, म्हणजे विक्रीपत्रं उतरवून ठेवायच्या सरकारी बुकात.

पहिला कागद १४ जुलै १७७४ चा. लिहून देणारा आणि त्याची बायको ५ शिलिंग घेऊन २०० एकर जमीन एका वर्षाच्या पट्ट्याने देतात, आणि वर्षाचं भाडं म्हणजे मागितलाच तर मिऱ्याचा एक दाणा. दुसरा कागद १५ जुलैचा. माणसं तीच, जमीन तीच, पण आता किंमत १२० पौंड ‘करंट मनी ऑफ व्हर्जिनिया’ आणि जमीन कायमची. हे दोन व्यवहार धरायचे का? पट्टा बोजा म्हणून दाखवायचा का?

चतुःसीमा अशी आहे: ओढ्याकाठच्या पांढऱ्या ओकपासून उत्तर ३० पूर्व (म्हणजे उत्तरेपासून ३० अंश पूर्वेकडे) २०० पोल, दोन हिकरीच्या झाडांपर्यंत. तिथून दक्षिण ६० पूर्व १६० पोल, खुंटापर्यंत. तिथून दक्षिण ३० पश्चिम २०० पोल, दगडांच्या ढिगापर्यंत. तिथून उत्तर ६६ पश्चिम १६० पोल, सुरुवातीच्या जागी. सॉफ्टवेअरमध्ये टाकलं तर आकृती बंदच होत नाही.

आणखी एक. बायकोचा जबाब दोन जस्टिसनी (काउंटीच्या न्यायाधीशांनी) वेगळ्या कागदावर, दोन महिन्यांनंतर घेतलेला आहे. तो कशासाठी? नसता तर काय बिघडलं असतं?

धंतोली_दस्तऐवज

दादा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, मोजणीचं धुरेकरी सांगतीलच.

हा एकच व्यवहार आहे. इंग्रजी कायद्यात जमिनीची पूर्ण मालकी द्यायची मूळ रीत म्हणजे दोघांनी शेतावर जायचं आणि विकणाऱ्याने मातीचं ढेकूळ व झाडाची फांदी घेणाऱ्याच्या हातात द्यायची. सतराव्या-अठराव्या शतकातल्या व्हर्जिनियाच्या कागदांच्या मागे ‘लिव्हरी ऑफ सीझिन’ दिल्याची नोंद सापडते ती हीच. १५३६ मध्ये इंग्लंडच्या संसदेने दोन कायदे केले. एकाने असं झालं की करार आणि मोबदला असला की शेतावर न जाताही कायद्याने ताबा मिळतो. दुसऱ्याने अशा करारावर सरकारी नोंदणीची सक्ती आणली, पण ती कायम मालकीपुरती. ठरावीक वर्षांचा पट्टा तिच्यातून सुटला. वकिलांनी या फटीतून वाट काढली. आज एका वर्षाचा पट्टा करायचा, म्हणजे घेणारा कागदोपत्री ताबेदार होतो. उद्या मालकाने आपला उरलेला सगळा हक्क त्या ताबेदाराच्या नावे सोडून द्यायचा. दोन्ही मिळून पूर्ण मालकी. ‘लीज अँड रिलीज’ (पट्टा आणि हक्कसोड) म्हणतात ते हेच.

५ शिलिंग आणि मिऱ्याचा दाणा केवळ मोबदला दाखवण्यापुरते आहेत, कारण मोबदल्याशिवाय पट्टा उभा राहत नाही. खरी किंमत दुसऱ्या कागदातली. पट्टा दुसऱ्याच दिवशी मालकीत विलीन झाला, त्यामुळे बोज्यात दाखवायचं काही नाही. तुमच्या गोषवाऱ्यात एकच नोंद करा, पण दोन्ही तारखा आणि डीड बुकाची दोन्ही पानं लिहा.

चूक होते ती अशी. शोधणाऱ्याच्या हाती फक्त पट्ट्याचं पान लागतं आणि तो लिहून मोकळा होतो की जमीन वर्षभर भाड्याने गेली होती. पट्टा सापडला की पुढचं पान उलटायचं, नुसता रिलीज सापडला की मागचं. रिलीजमध्ये एक वाक्य असतंच, की घेणारा कालच्या तारखेच्या पट्ट्याने आधीच ताब्यात आहे. पट्टा बुकात उतरवायचा राहून गेला असला तरी ते वाक्य गोषवाऱ्यात घ्या.

रिलीजमध्ये ‘टू हॅव अँड टू होल्ड’ने सुरू होणारं कलम नीट वाचा. घेणाऱ्याच्या नावापुढे ‘अँड हिज एअर्स’ आहे ना, हे पाहा. त्या काळच्या कायद्यात वारसांचा उल्लेख नसला तर घेणाऱ्याला हयातीपुरताच हक्क मिळायचा. पुढे हमीचं कलम असतं, की विकणारा आणि त्याचे वारस कोणाच्याही दाव्यापासून ही जमीन राखून देतील. त्यातून राजाला द्यायचा वार्षिक क्विटरेंट वगळलेला असतो. व्हर्जिनियात तो दर १०० एकरांना २ शिलिंग होता, म्हणजे तुमच्या २०० एकरांवर वर्षाला ४ शिलिंग. तो उल्लेख पाहून कोणी गहाण समजू नये, तो सगळ्याच जमिनींवर होता.

आता पैसा. व्हर्जिनियाचा पौंड म्हणजे इंग्लंडचा स्टर्लिंग नव्हे. स्पॅनिश डॉलरची किंमत व्हर्जिनियात आणि न्यू इंग्लंडमध्ये ६ शिलिंग, पेनसिल्व्हेनियात ७ शिलिंग ६ पेन्स, न्यूयॉर्कमध्ये ८ शिलिंग. तुमचे १२० पौंड म्हणजे २,४०० शिलिंग, म्हणजे ४०० डॉलर, एकरी २ डॉलर. हाच आकडा पेनसिल्व्हेनियाच्या कागदावर असता तर ३२० डॉलर झाले असते. शेनान्डोआ खोऱ्यात पेनसिल्व्हेनियातून उतरलेली कुटुंबं भरपूर होती आणि काही कागदांत पेनसिल्व्हेनियाचं चलनही येतं. तेव्हा ‘करंट मनी ऑफ’च्या पुढचं नाव वाचल्याशिवाय भाव काढू नका.

आणि सह्या जुळवत बसू नका. डीड बुकातलं सगळं अक्षर कारकुनाचं असतं, सहीसुद्धा त्यानेच उतरवलेली असते. गोलात लिहिलेलं ‘एल. एस.’ म्हणजे मूळ कागदावर तिथे लाखेची मोहोर होती.

धुरेकरी

मोजणीकडे येतो. आधी मापं पक्की करून घ्या, कारण नव्या माणसाचा अर्धा गोंधळ तिथेच होतो.

पोल, रॉड, पर्च ही एकाच मापाची तीन नावं: १६.५ फूट. चार पोलची गंटर साखळी ६६ फुटांची, तिच्यात १०० कड्या, एक कडी ७.९२ इंच. ८० साखळ्या म्हणजे एक मैल. १६० चौरस पोल किंवा १० चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. हे आकडे तुम्हाला परके वाटायचं कारण नाही. इंग्रजांनी हीच साखळी आपल्याकडेही वापरली. नागपूरकडे जुन्या खसऱ्यात जो डिसमिल येतो तो एकराचा शंभरावा भाग, म्हणजे ६६ बाय ६६ फुटांचा तुकडा बरोबर १० डिसमिल. व्हर्जिनियाच्या झाडीत मोजणीदार बरेचदा अर्धी, दोन पोलची ३३ फुटांची साखळी वापरत, कारण झाडाझुडपांतून लांब साखळी ताणता येत नसे. ३३ बाय ३३ फूट म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला एक गुंठा. नकाशावर किंवा मोजणीच्या टिपणात नुसतं ‘साखळ्या’ असेल तर ती ६६ ची की ३३ ची हे क्षेत्रफळ जुळवून ठरवायचं. चुकीची धरली तर क्षेत्र चौपट किंवा पाव येतं, त्यामुळे चूक लपत नाही.

आता तुमची आकृती. प्रत्येक ओळीचे दोन भाग करा: उत्तर-दक्षिण किती आणि पूर्व-पश्चिम किती. लांबी गुणिले कोनाचा कोसाइन म्हणजे उत्तर-दक्षिण, साइन म्हणजे पूर्व-पश्चिम.

पहिली ओळ: उत्तरेला १७३.२, पूर्वेला १००. दुसरी: दक्षिणेला ८०, पूर्वेला १३८.६. तिसरी: दक्षिणेला १७३.२, पश्चिमेला १००. पहिली आणि तिसरी एकमेकींना पूर्ण खोडतात. म्हणजे चौथीने दुसरीला खोडायला हवं: उत्तरेला ८०, पश्चिमेला १३८.६. पण उत्तर ६६ पश्चिम धरलं तर उत्तरेला ६५.१ आणि पश्चिमेला १४६.२ येतात. शेवटचा बिंदू ओकच्या दक्षिणेला १४.९ आणि पश्चिमेला ७.६ पोल पडतो. सरळ अंतर सुमारे १६.७५ पोल, म्हणजे २७६ फूट.

साखळीच्या ओढाताणीने एवढी तूट पडत नाही. उत्तर ६० पश्चिम धरून पाहा: आकृती बंद होते, २०० गुणिले १६० म्हणजे ३२,००० चौरस पोल, भागिले १६०, नेमके २०० एकर. कागदातलं क्षेत्रही तेच. तेव्हा ६० चा ६६ हा उतरवताना झालेला घोटाळा आहे असं मानायला भक्कम आधार आहे. तरी परस्पर दुरुस्त करून लिहू नका. पट्ट्यातही चतुःसीमा पुन्हा लिहिलेली असते, तिथे काय आहे ते पाहा. मग त्याच जमिनीचा आधीचा आणि नंतरचा कागद, आणि त्या बाजूच्या शेजाऱ्याचा कागद. शेजाऱ्याच्या कागदात तोच धुरा (बांध) उलट दिशेने, दक्षिण ६० पूर्व असा सापडला की प्रश्न मिटला. गोषवाऱ्यात मूळ आकडा जसाच्या तसा लिहून शेजारी टीप द्या.

सगळ्याच आकृत्या इतक्या चौकोनी नसतात. नऊ-दहा ओळी असतात आणि एखादी पूर्ण ओळच कारकुनाकडून गळते. दोन लागोपाठच्या ओळी ‘हिकरीपर्यंत’ अशा संपत असतील तर त्याची नजर पहिल्या हिकरीवरून दुसऱ्या हिकरीवर उडी मारते. अशा वेळी जी तूट उरते, तिची दिशा आणि लांबी हीच गळलेली ओळ असते. दोन ओळी गळल्या तर मात्र गणिताने भागत नाही, आधीचा कागदच शोधावा लागतो.

दिशांबद्दल एक गोष्ट. हे कोन होकायंत्राचे आहेत, खऱ्या उत्तरेचे नाहीत, आणि चुंबकीय उत्तर दर वर्षी थोडी सरकते. म्हणून १७७४ चा उत्तर ३० पूर्व धुरा १८४० च्या कागदात एखाद-दोन अंशांनी वेगळा दिसेल. त्याला सीमेचा वाद समजू नका. एका मोजणीतल्या सगळ्या ओळी सारख्याच फिरलेल्या असतात, त्यामुळे आकार आणि क्षेत्र बदलत नाही. आजच्या नकाशावर बसवताना फक्त पूर्ण आकृती फिरवायची. अमेरिकी सरकारच्या एनओएए या संस्थेच्या संकेतस्थळावर जुन्या वर्षांचा चुंबकीय दिक्पात, म्हणजे खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेतला कोन, काढता येतो. दोन कागदांतल्या फरकाशी तो ताडून पाहा. फरक सगळ्या ओळींत सारखा असेल तर दिक्पात, एकाच ओळीत असेल तर चूक.

आणखी एक सवय मोडायला हवी. आपण सातबाऱ्यावरचं क्षेत्र आधी पाहतो. तिथल्या कोर्टांचा क्रम उलट आहे: आधी ओढा, कडा, खुणेचं झाड अशी निसर्गातली निशाणी, मग माणसाने रोवलेला दगड-खुंट, मग शेजाऱ्याचा धुरा, मग दिशा आणि अंतर, आणि सगळ्यात शेवटी क्षेत्रफळ. ‘२०० एकर, मोर ऑर लेस’ याचा अर्थ क्षेत्र अंदाजाचं, झाडं खरी. पेनसिल्व्हेनियाची फाईल आली तर तिथे मूळ सरकारी सनदेत रस्त्यांसाठी ६ टक्के वाढीव जमीन धरलेली असते. ती तफावत चूक म्हणून नोंदवू नका.

सक्करदरा_टायटल

दोघांचेही आभार. पट्ट्याचं पान काढून पाहिलं, तिथे स्पष्ट उत्तर ६० पश्चिम आहे.

पुढची कडी अडते आहे. १७७४ चा घेणारा १७८३ मध्ये मृत्युपत्र न करता वारला. १७८५ मध्ये फक्त मोठ्या मुलाने जमीन विकली. त्याला भाऊ आणि बहिणी होत्या हे दुसऱ्या कागदांवरून कळतं, पण त्यांच्या सह्या कुठेच नाहीत. साखळी तुटली म्हणायचं का?

सीताबर्डी_वारस

नाही भाऊ, तुटली नाही. व्हर्जिनियात तेव्हा मृत्युपत्राशिवाय मेलेल्याची जमीन एकट्या थोरल्या मुलाकडे जायची. सगळ्या मुलांना सारखा वाटा देणारा कायदा १७८५ मध्ये मंजूर झाला आणि १ जानेवारी १७८७ पासून लागू झाला. पाहायचं ते बाप कधी वारला, विक्री कधी झाली ते नव्हे. १७८३ चा मृत्यू म्हणजे जुना नियम. बाप १७८८ मध्ये गेला असता तर प्रत्येक मुलाची सही शोधावी लागली असती, आणि लग्न झालेल्या मुलीच्या बाबतीत नवऱ्याची सही आणि तिचा वेगळा जबाबही. १७८५ च्या कागदात त्याचा उल्लेख ‘एल्डेस्ट सन अँड एअर अ‍ॅट लॉ’ असा हवा. तो २१ वर्षांचा होता का, हेही तपासा.

मृत्युपत्र असलेल्या फायलीत वेगळा धोका असतो. ‘एअर्स ऑफ हिज बॉडी’ (त्याच्या पोटचे वारस) असं लिहिलं की जमीन पिढ्यान्‌पिढ्या बांधली जायची, कोणाला विकता यायची नाही. हे बंधन व्हर्जिनियाने १७७६ मध्येच काढलं आणि अशा धारकांना पूर्ण मालक केलं. म्हणून त्या शब्दांमुळे १७८५ ची विक्री अडत नाही. १७७० ची अडली असती.

आता तुमचा तिसरा प्रश्न. लग्न टिकून असताना नवऱ्याच्या मालकीत जी जमीन केव्हाही होती, तिच्या एक-तृतीयांश भागावर त्याच्या मृत्यूनंतर विधवेचा हयातभर हक्क असे. त्याला ‘डॉवर’ म्हणतात. नवऱ्याने विकली तरी तो हक्क जमिनीवर राहायचा, बायकोने स्वतः सोडला तरच सुटायचा. आणि नवऱ्यासमोर केलेली तिची सही कायदा मानत नसे, कारण ती दबावाने केलेली असू शकते. म्हणून जस्टिसने तिला नवऱ्यापासून दूर नेऊन विचारायचं, कागद समजावून सांगायचा, धमकी किंवा मनधरणीशिवाय राजी आहेस का, आता फिरायचं आहे का, हे विचारायचं आणि उत्तर लिहून कोर्टाला पाठवायचं. कोर्टहाऊस लांब असलं, ती बाळंतीण किंवा आजारी असली तर कोर्ट दोन किंवा जास्त जस्टिसना तिच्या घरी जाऊन जबाब घ्यायचा हुकूम देई. तुमचा दोन महिन्यांनंतरचा कागद तो आहे. हुकूम आणि त्याखालचा जबाब असे दोन भाग त्यात दिसतील. हुकुमातली मूळ विक्रीपत्राची तारीख १५ जुलैच आहे का हे ताडून पाहा, कारण एकाच जोडप्याने दोन जमिनी विकल्या असल्या की जबाब भलत्याच कागदाला जोडला जातो.

तो जबाब नसता तर विकणाऱ्याच्या मृत्यूनंतर ती बाई घेणाऱ्याकडे तिसरा हिस्सा हयातभरासाठी मागू शकली असती. आजच्या टायटलला त्याने काही होत नाही, तिच्या मृत्यूबरोबर तो हक्क संपला. पण जमीन मुळात तिचीच, म्हणजे तिच्या बापाकडून तिला आलेली असेल, तर गोष्ट फार गंभीर होते. मग जबाबाशिवाय तिची मालकीच जात नाही आणि तिचे वारस दावा करू शकतात. म्हणून विक्रीपत्रातला ‘ही जमीन आम्हाला कशी मिळाली’ हा परिच्छेद आधी वाचायचा. जमीन बायकोकडून आलेली दिसली की जबाब सापडेपर्यंत थांबायचं.

तुमच्या १७८५ च्या विक्रीत आणखी एक बाई आहे, मेलेल्या घेणाऱ्याची विधवा, म्हणजे थोरल्याची आई. ती हयात असेल तर तिचाही तिसरा हिस्सा होता. तिची सही नसली तर काउंटी कोर्टाच्या ऑर्डर बुकात डॉवर आखून दिल्याचा हुकूम शोधा. पुढे पाच-दहा वर्षांनी तिने थोड्याशा रकमेवर स्वतंत्र कागद करून हक्क सोडलेलाही सापडतो. नावांच्या सूचीत तो तिच्या दुसऱ्या नवऱ्याच्या आडनावाखाली असू शकतो, तेवढं लक्षात ठेवा.

कन्हानकाठ

काउंटीच्या हद्दीबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. जमीन जागची हलली नाही तरी तिचं दप्तर हलतं. ऑगस्टाचा कारभार १७४५ मध्ये सुरू झाला, त्याआधीचे कागद ऑरेंज काउंटीत. १७७८ मध्ये ऑगस्टातून रॉकिंगहॅम काउंटी निघाली. तुमचं शेत उत्तरेकडच्या भागात असेल तर १७७४ चा कागद ऑगस्टात आणि १७८५ चा रॉकिंगहॅममध्ये, असं होणारच. रॉकिंगहॅमची बरीच दप्तरं १८६४ मध्ये यादवी युद्धात जळाली. तिथे न सापडणं म्हणजे विक्री झालीच नाही असं नव्हे. १७८२ पासून व्हर्जिनियात जमीन-कराच्या वार्षिक याद्या आहेत. कोणत्या वर्षी २०० एकर एका नावावरून दुसऱ्या नावावर गेले, हे त्यात दिसतं.

मूळ सनद शोधताना तीन वाटा आहेत. सरकारी सनदा एका मालिकेत, खोऱ्याच्या उत्तर भागाचा जहागीरदार लॉर्ड फेअरफॅक्स याने दिलेल्या सनदा ‘नॉर्दर्न नेक’च्या वेगळ्या मालिकेत. दोन्ही रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात आहेत आणि ऑनलाइन पाहता येतात. तिसरी वाट म्हणजे मोठ्या इनामातून विकत घेतलेली जमीन. ऑगस्टातल्या स्टॉन्टन गावाभोवतालचं बेव्हर्ली मॅनर हे इनाम १७३६ मध्ये एकाच सनदेने १,१८,४९१ एकरांचं दिलेलं होतं. त्यातल्या शेतकऱ्याच्या नावे स्वतंत्र सनद मिळणार नाही, मॅनरच्या मालकाकडून झालेलं विक्रीपत्र हेच त्याचं मूळ. १७५२ च्या आधीच्या तारखा जपून लिहा. तेव्हा वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून ‘फेब्रुवारी १७४१/२’ म्हणजे आजच्या हिशेबाने १७४२.

सनदेच्या मागे जे आहे ते कुठल्याच डीड बुकात नाही. त्या जमिनी मूळ रहिवाशांच्या होत्या, आणि त्या त्यांच्या हातून तहांनी, युद्धांनी आणि रेट्याने गेल्या. एखाद्या वसाहतवाल्याने थेट जमातीकडून विकत घेतल्याचा कागद हाती आला तरी त्यावर टायटल बांधू नका. १८२३ मध्ये जॉन्सन विरुद्ध मॅकिन्टॉश या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अशी खासगी खरेदी अमान्य ठरवली. अन्यायाचीच गोष्ट आहे ही, कारण मूळ मालकालाच विकायचा हक्क नाही असं त्यातून ठरलं. पण साखळी सनदेपासूनच धरावी लागते.

ओहायोकडच्या फायली करणाऱ्यांसाठी एवढंच: २० मे १७८५ च्या कायद्याने तिथे झाडं-ओढे सोडून चौरस आखणी आली. सहा मैल बाय सहा मैलांची टाऊनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा, १६ वा शाळेसाठी राखीव. सरकारी दर १७९६ पासून एकरी २ डॉलर होता. १८०० मध्ये किमान खरेदी ३२० एकरांवर आली आणि हप्त्यांची सोय झाली. १८२० मध्ये दर १.२५ डॉलर, किमान ८० एकर, पण सगळी रक्कम रोख. हप्त्यांच्या काळात अनेकांनी पूर्ण पैसे भरण्याआधीच आपला हक्क दुसऱ्याला विकला, म्हणून सनद भलत्याच नावाने निघालेली दिसते. मधला हस्तांतराचा कागद लँड ऑफिसच्या फाईलमध्ये शोधा, काउंटीत तो बहुधा नसतो.

आणि सेक्शनचा नंबर नकाशावर टाकण्याआधी आखणी कोणत्या कायद्याखालची ते पाहा. १७८५ च्या कायद्याने आखलेल्या ‘सेव्हन रेंजेस’ या पूर्व ओहायोतल्या पट्ट्यात १ नंबर आग्नेय कोपऱ्यात आहे आणि आकडे उत्तरेकडे चढतात. १७९६ नंतरच्या आखणीत १ नंबर ईशान्य कोपऱ्यात आणि आकडे आधी पश्चिमेकडे, मग खालच्या ओळीत पूर्वेकडे, असे नागमोडी जातात. हे उलटसुलट धरलं तर शेत काही मैल दूर पडू शकतं.